पिंजरा जोडला जाईपर्यंत

गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुलाच्या भिंतीशी उभे राहा. संध्याकाळची वेळ आहे. सूतगिरणी चौकाकडून गाड्या हॉर्न वाजवत येतायत, क्लास सुटलेली पोरं पाणीपुरीच्या गाड्याला चिकटलीत. आता समोरचं एकेक काढून टाकत चला. आधी वाढदिवसाचे फ्लेक्स जाऊ द्या, मग अपार्टमेंटचे वरचे मजले, मग डांबर. संकुलाची भिंतही जाऊ द्या. राहिली काळी माती, अर्धवट बांधलेली रो-हाउसं, विटांचे ढीग आणि डोक्यावर दुपारचं ऊन. औरंगाबादची महानगरपालिका १९८२ साली झाली, त्यानंतरची ही दोन-तीन वर्षं. शहर गारखेड्याच्या दिशेनं सरकायला लागलंय, पण अजून पुरतं पोचलेलं नाही.

डुगडुगी वाजते. तुमच्या आधी पोरं पळतात.

माकडवाला उकिडवा बसलाय. समोर एक माकडीण. अंगात लाल फ्रॉक, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी. डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे दोन्हीकडे वळलेले, म्हणजे ही आपल्या दख्खनी मुलुखातली जात. तिचं नाव बसंती. ‘शोले’नंतर गावोगावच्या निम्म्या माकडिणींचं नाव बसंतीच असावं.

“चल बसंती, साब कू सलाम कर.” ती कपाळाला हात लावते. “सासरी जायचं का?” ती तोंड फिरवते. “नवऱ्यानं साडी आणली तर?” ती उठते, काठी खांद्यावर टाकते आणि दोन पायांवर चालू लागते. पोरं लोळायची बाकी राहतात. तुम्हीही हसता. हसू आवरायचं कारण अजून तुम्हाला कुणी दिलेलं नाही; साल १९८५ आहे.

खेळ संपल्यावर वाडगं फिरतं. एका घरातून बाई बाहेर येते.

“दे माय, लेकराला भाकर दे.”

“कालची हाय बाबा. चालंल का?”

“चालंल की माय. आमाला बी चालंल अन् तिला बी.”

माणसं पांगली की थोडे पुढे व्हा. फ्रॉक कमरेशी वर सरकलाय. पट्ट्याखाली केस उरलेले नाहीत, कातडीत बोटभर रुंद चर पडलाय. तिनं जांभई दिली की आत बघा: सुळे घासून बोथट केलेत. आणि चालताना तिची पाठ किती ताठ होती ते आठवा. माकडाच्या कंबरेची घडण चार पायांची. ते दोन पायांवर उभं राहतं ते फळ तोडायला किंवा लांबचं बघायला, घटकाभरच. एरवी ताठ उभं राहायची सवय त्याला लावावी लागते. पिल्लू आईपासून लवकर काढायचं, दोरी वरून बांबूला अशी बांधायची की पुढचे पाय टेकवले तर गळ्याला ताण बसेल, आणि हे रोज करायचं. जपानात ‘सारुमावाशी’ नावाचा माकडांच्या खेळाचा जुना धंदा आहे. तिथल्या शिकवलेल्या माकडांचे कणे अभ्यासकांनी तपासले, तेव्हा कमरेशी माणसाच्या कण्यासारखा बाक आलेला दिसला. एका जन्मात! जंगलातल्या त्यांच्या भाऊबंदांत तो नसतो. खेळ हाडापर्यंत जातो म्हणायचा.

माकडवाल्याला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याच्या पालापर्यंत गेलात तर तो निवाडा टिकत नाही. भाकरीचा अर्धा तुकडा तो खरंच तिला देतो, रात्री ती त्याच्याच पोरांशेजारी झोपते. सरकारी यादीत कैकाडींच्या पोटात माकडवाल्यांची नोंद आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कैकाड्यांवर जन्मजात चोर असा शिक्का मारला, सोलापूरच्या तारेच्या कुंपणात त्यांना कोंडलं, आणि १९५२ साली कायदा गेला तरी पाटलाच्या आणि फौजदाराच्या डोक्यातून तो गेला नाही. या माणसाकडे जमीन नाही, घर नाही. भांडवल म्हणून ही एक माकडीण आहे.

आता आणखी दहा-बारा वर्षं मागे या. गारखेड्यात रात्र झालीय आणि दिवे इतके थोडे आहेत की उत्तरेकडे आभाळात फिरणारा पांढरा झोत लगेच डोळ्यांत भरतो. तो आभाळभर एक फेरी घेतो आणि पुन्हा येतो. शहरात सर्कस आलीय. या झोताइतकी स्वस्त आणि लांब पोचणारी जाहिरात महाराष्ट्रातल्या तालुक्यांनी पुन्हा पाहिली नसेल. कुणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरवर बसा आणि चला.

तंबूत गॅलरीचं तिकीट काढा. खुर्चीत बसलात तर समोरचं दिसतं, गॅलरीच्या फळीवर बसलात तर बाजूचं, आणि तुम्हाला आज बाजूचंच बघायचंय. बँडवाले सिनेमाचं गाणं वाजवतायत. झुल्यावरच्या मुली होऊन गेल्या. आता वाघ यायचे आहेत. पण वाघांच्या आधी रिंगणाभोवती लोखंडी जाळ्या उभ्या कराव्या लागतात, एकेक जाळी आणून दुसरीला अडकवायची, मग तंबूच्या मागच्या बाजूनं पिंजऱ्यांपर्यंत बोगदा जोडायचा. आठ-दहा गडी घामाघूम होऊन ते करतायत. या मधल्या वेळात हजारभर माणसांना बसवून ठेवायचं कुणी?

जोकर येतो, आणि त्याच्या मागून माकडं.

एक कुत्र्याच्या पाठीवर घोडेस्वार होऊन येतं. एक हातगाडी ढकलतं. एकाला सोजिराची टोपी घातलीय, ते झेंडा वर चढवतं. शेवटचं सायकलवर. ती सायकल नीट बघून घ्या: हातभर उंचीची, फ्रीव्हील काढलेली, त्यामुळे चाक फिरलं की पायडल फिरणारच. माकड सायकल चालवतंय की सायकल माकडाला, हे एका फेरीनंतर सांगता येत नाही. मास्तर सोबत पळतो, त्याचा हात माकडाच्या मानेपासून वीतभर दूर असतो आणि तेवढाच राहतो. टाळ्या पडतात. तेवढ्यात शेवटची जाळी अडकते, मास्तर माकडाला पट्ट्यानं उचलतो आणि पडद्याआड नेतो. वाघाची डरकाळी ऐकू येते. माकड कुणाच्या डोक्यात उरत नाही.

सर्कशीतल्या माकडाचा सगळा इतिहास मला या दहा मिनिटांत दिसतो. पोस्टरवर सिंह, हत्ती आणि झुल्यावरची बाई. माकड असलंच तर कोपऱ्यात. सिंहाला शिकवणाऱ्यांची नावं राहिली. पुण्याचे दामू धोत्रे मामाच्या सर्कशीत वाढले, १९४० साली अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात वाघ-बिबटे घेऊन उभे राहिले, त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं. माकडांच्या मास्तराचं नाव तंबूतल्यालाही धड सांगता येत नाही. बहुतेकदा तो जोकरच असतो, किंवा रस्त्यावरून उचलून नोकरीला ठेवलेला कुणी. गारखेड्यात डुगडुगी वाजवणाऱ्याची विद्या आणि ही विद्या एकच. फरक फक्त तंबूच्या कापडाचा.

याला अपवाद चिंपांझीचा. दोन-चार मोठ्या सर्कशींनी तो परदेशातून आणला होता, आणि तो मात्र जाहिरातीत ठळक असे. कोट घालून टेबलाशी बसणारा, सिगारेट ओढणारा. हा तमाशा आपल्याकडचा नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत ‘कॉन्सल’ नावाचा सुटाबुटातला चिंपांझी गाजला. तो मेला की दुसऱ्याला तेच नाव देत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तर १९२६ पासून १९७२ पर्यंत चिंपांझींच्या चहापानाचे कार्यक्रम होत. यातली मेख अशी की हे सगळे चिंपांझी पोरवयातले. सात-आठ वर्षांचा झाला की त्याच्या अंगात माणसाला भारी पडणारी ताकद येते, आणि मग कोट घालून बसायला तो तयार नसतो. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं पिंजऱ्यात. १९७२चा वन्यजीव कायदा आला, १९७६ साली भारत प्राणी-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, आणि नवा चिंपांझी मिळणं जवळपास संपलं.

जाता जाता एक हिशेब, कारण सर्कशीवर बोट ठेवताना तो विसरला जातो. याच दशकांत लाल तोंडाची माकडं उत्तर भारतातून लाकडी खोक्यांत भरून परदेशातल्या प्रयोगशाळांत हजारोंनी जात होती. पोलिओची लस त्यांच्या मूत्रपिंडांच्या पेशींवर तयार होत असे. ती निर्यात १९७८ साली, मोरारजी देसाईंच्या कारकिर्दीत बंद झाली. देशातल्या सगळ्या सर्कशींनी मिळून जितकी माकडं कधी पाळली असतील, त्याहून कितीतरी जास्त अशीच गेली, आणि त्यांच्या जाण्यावर टाळी वाजवायलाही कुणी नव्हतं.

आणखी मागे. विसावं शतक नुकतंच उजाडलंय. औरंगाबाद निजामाच्या राज्यात आहे आणि मनमाडहून मीटरगेजची रेल्वे नवीनच आलीय. मुंबईहून येणारी लाइन ब्रॉडगेजची, त्यामुळे मनमाडला सगळा बारदाना उतरवून पलीकडच्या लहान डब्यांत चढवावा लागतो. तुम्ही फलाटावर उभे आहात. खांब उतरले, कापडाचे गठ्ठे उतरले, घोडे फळ्यांवरून बिचकत उतरले. हत्तीची वेगळी व्यवस्था आहे. माकडांची व्यवस्था म्हणजे एका हमालाच्या डोक्यावरची पेटी. पुढे निजामाची हद्द, तिथं हाली सिक्का चालतो, तंबू ठोकायला तिथल्या अंमलदाराची परवानगी लागते. सर्कस ज्या गावाला जायची तिथलं सगळं बदलायचं, रुळांच्या रुंदीपासून नाण्यापर्यंत. पेटीतल्याला ते कळायचं कारण नाही.

ही सर्कस मराठी आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या त्या एका पट्ट्यानं किती तंबू उभे केले ते पाहिलं तर चक्रावायला होतं: म्हैसाळचे देवल, सांगलीचे कार्लेकर, तासगावचे परशुराम माळी. नाटक कंपन्या जिथून निघाल्या तिथूनच सर्कशीही निघाल्या, याचं श्रेय कृष्णेच्या पाण्याला देण्याचा मोह होतो. खरं श्रेय संस्थानिकांच्या पागांना आहे.

त्या पागेशी जाण्यासाठी शेवटचं मागं चला, १८७९. मुंबईत जुझेप्पे कियारिनी या इटालियनाची रॉयल इटालियन सर्कस आलीय. प्रेक्षकांत कुरुंदवाडचे संस्थानिक आहेत आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या पागेचे प्रमुख विष्णुपंत छत्रे. विष्णुपंत हे अचाट प्रकरण. गाणं शिकायला ग्वाल्हेरला हद्दू खाँकडे गेले आणि घोडे शिकवायला शिकून आले. पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांना त्यांनी स्वतःच्या सर्कशीबरोबर गावोगाव फिरवलं. म्हणजे एका तंबूत वाघ, आणि त्याच बिऱ्हाडात ज्यांना लोक भूगंधर्व म्हणत ते खाँसाहेब. पण आज विष्णुपंत फक्त बघतायत. खेळ संपल्यावर कियारिनी हिंदुस्थानी माणसाला हे जमायचं नाही अशा अर्थाचं काही बोलला आणि विष्णुपंतांनी पैज घेतली, असं सांगतात. पैजेची रक्कम सांगणाऱ्यागणिक बदलते. तारीख बदलत नाही: २० मार्च १८८० रोजी मुंबईत छत्र्यांच्या ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ झाला. कियारिनीचं बरंचसं सामान त्यांनीच विकत घेतलं होतं.

तुम्ही त्या पहिल्या खेळात माकड शोधाल. हा खेळ घोड्यांचा आहे. मुळात सर्कसच घोड्यांची: १७६८ साली लंडनमध्ये फिलिप अॅस्टलीनं गोल रिंगण आखलं ते घोड्यावर उभं राहता यावं म्हणून. माकड तिथंही वीसेक वर्षांच्या आत पोचलं. ‘जनरल जॅकू’ नावाचं, दोरीवर नाचणारं. त्याला हुद्दा दिला होता जनरलचा! गारखेड्याच्या बसंतीनं साहेबाला सलाम ठोकला आणि लंडनच्या जॅकूनं साहेबाचीच वर्दी घातली. दोन्हीकडे हसणारे लोक साहेबाच्या हाताखालचे. माकडाच्या खेळातली खरी गंमत ही होती, आणि म्हणून तो खेळ नुसता क्रूर होता असं म्हणून माझं भागत नाही. फौजदार, सावकार, सासू, नवरा यांची टिंगल करायची सोय माणसाला या एका जनावराच्या आडून मिळत होती. त्या सोयीचं भाडं माकड भरत होतं.

आता परत फिरा, पण झपाट्यानं. तलश्शेरीच्या कीलेरी कुन्हिकण्णन यांनी कसरतपटू तयार करायला सुरुवात केली आणि सर्कशीचा धंदा हळूहळू मराठी माणसाच्या हातून केरळकडे गेला. १९५१ साली शंकरन यांनी जेमिनी सर्कस काढली, १९७० साली ती ‘मेरा नाम जोकर’मध्ये दिसली. तो झोत पुन्हा एकदा तुमच्या डोक्यावरून गेला. बसंतीही गेली.

२ मार्च १९९१. केंद्र सरकारनं अधिसूचना काढली: काही प्राण्यांना खेळासाठी शिकवायचं नाही, त्यांचं प्रदर्शन करायचं नाही. सर्कशीवाले दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, समिती बसली, आणि १४ ऑक्टोबर १९९८ रोजी नवी अधिसूचना निघाली. तो कागद हातात घ्या. पाच नावं आहेत: अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह. माकड वाघाच्या आधी छापलेलं मला तरी दुसरीकडे कुठं दिसलेलं नाही.

सर्कशीवाले पुन्हा कोर्टात. ६ जून २००० रोजी केरळ उच्च न्यायालयानं त्यांची याचिका फेटाळली, १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. या सगळ्या वर्षांत युक्तिवाद चालला तो मुख्यतः सिंह-वाघांचा, कारण सर्कशीचा गल्ला त्यांच्यावर होता. निकालानंतरही सिंह-वाघांची मोजदाद झाली, विशाखापट्टणम, तिरुपती, बन्नेरघट्टा, जयपूर अशा ठिकाणी त्यांच्यासाठी संगोपन केंद्रं उभी राहिली.

कायदा तंबूपुरता नव्हता. गारखेड्याच्या माकडवाल्यालाही तो लागू झाला, फक्त त्याला तो राजपत्रातून कळला नाही. वनखात्याच्या माणसानं दोरी हातातून काढून घेतली तेव्हा कळला. सर्कशीच्या मालकांची संघटना होती, वकील होते, दहा वर्षं लढायला पैसा होता. याच्याकडे अपील करायला पत्तासुद्धा नव्हता. बंदी योग्यच होती, त्या कमरेच्या चरावर बोट फिरवल्यावर दुसरं काही म्हणता येत नाही. पण सिंहासाठी संगोपन केंद्र काढणाऱ्या सरकारला माकडीण गेलेल्या माणसाच्या उद्याच्या भाकरीचा विचार सुचला नाही, हेही तितकंच खरं. त्याची पोरं पुढे मिस्तऱ्याच्या हाताखाली गेली, भंगार वेचायला गेली, काही वीटभट्टीवर. गारखेड्यातल्या वरच्या मजल्यांना कुणाकुणाचे हात लागलेत ते बिल्डरच्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आलात परत आजच्या दिवसात. सर्कस अजूनही येते, पूर्वीइतकी नाही. झोत नाही, व्हॉट्सअॅपवर जाहिरात येते, तिकीट फोनवर काढता येतं. आत जाळ्या जोडायच्या नसल्यामुळे मधला वेळच उरलेला नाही. तरी सवयीनं जोकर त्याच ठिकाणी येतो. काही तंबूंत यंत्रावर चालणारे हत्ती असतात. काहींत गोरिला असतो, तो गॅलरीत घुसतो, पोरांच्या हातातला पॉपकॉर्न पळवतो, एखाद्या काकांच्या मांडीवर जाऊन बसतो. पोरं किंचाळतात आणि मग त्याच्यासोबत सेल्फी काढायला रांग लावतात.

खेळ सुटल्यावर तंबूच्या मागे जा. पोशाख काढून तो पोरगा खाटेवर बसलाय, वीस-बावीस वर्षांचा, नखशिखान्त भिजलेला. मे महिन्यात त्या केसाळ कापडात रोज तीन खेळ करायचे. त्याचं म्हणणं साधं आहे: पोशाखाला मानेपाशी जाळी लावून द्या, आणि बहिणीचं लग्न आहे, दोन महिन्यांची उचल द्या. मॅनेजर जाळीचं बघतो म्हणतो. उचलीवर अजून बोलणं चालू आहे.